पेवात उतरणारे आणि कोठी बनवणारे

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या तालुक्याच्या गावी धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवण्याचं दहा दिवसांचं प्रशिक्षण निघालं. धान्याची नासाडी थांबावी आणि गावातल्या कारागिरांच्या हाताला काम मिळावं, असा दुहेरी हेतू पत्रकावर छापला होता. हेतू चांगलाच होता. म्हणून भीमनगरातल्या एका पोराला घेऊन मी नाव नोंदवायला गेलो. पोरानं आयटीआयमधून शीट मेटल वर्करचा ट्रेड केलेला. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं.

टेबलामागच्या साहेबांनी पिशवी उघडायलाही सांगितलं नाही. विचारलं, "वडील काय करतात रे?"

"मजुरी."

"आणि आजा?"

"मजुरीच."

"मग हे तुझ्यासाठी नाही बाळा. हे पारंपरिक कारागिरांसाठी आहे. लोहार, सुतार वगैरे. घरात कला पाहिजे."

आमच्या मागे बुरूड गल्लीतल्या मावशी उभ्या होत्या. त्यांच्या सासऱ्यानं विणलेल्या कणग्या एके काळी पंचक्रोशीत जायच्या. आता कणगी कोणी घेत नाही, म्हणून त्यांना पत्र्याचं काम शिकायचं होतं. साहेबांनी त्यांचं नाव लिहून घेतलं, पण दुसऱ्या यादीत. "तुमची टोपल्यांची बॅच पुढच्या महिन्यात. शोभेच्या टोपल्या शिकवणार आहेत." मावशी म्हणाल्या, "साहेब, टोपली मला शिकवायला कोण येणार हाय? मला हे शिकायचंय." साहेब हसले.

म्हणजे ज्याच्या हाती प्रमाणपत्र त्याला घराणं नाही म्हणून परत पाठवलं, आणि जिला घराणं आहे तिला त्या घराण्याबाहेर पडू दिलं नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. आज तो मांडतो.

आधी एक स्पष्ट करतो. माझा विरोध कोठीला नाही आणि प्रशिक्षणालाही नाही. पिकवलेलं धान्य वाया जातं हे खरं आहे. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेनं २०१५ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात तृणधान्यांची नासाडी ४.६५ ते ५.९९ टक्के निघाली. २०२२ च्या नॅबकॉन्सच्या अभ्यासात ती ३.८९ ते ५.९२ टक्के आहे. यात कापणी, मळणी, वाहतूक, साठवण सगळं आलं. देशातलं साधारण ६० ते ७० टक्के धान्य घराघरांत साठवलं जातं असं मानतात. म्हणजे गोदामाइतकाच हा घराच्या कोपऱ्यातला प्रश्न आहे.

पाच टक्के हा आकडा वाचायला किरकोळ वाटतो. पण सरासरीच्या आकड्यात घरं दिसत नाहीत. ज्याच्या घरात चाळीस क्विंटल ज्वारी आहे, त्याचे दोन क्विंटल गेले तर तो हळहळतो आणि विसरतो. ज्या बाईनं सुगीत राबून दोन क्विंटल धान्य घरी आणलं, तिचे दहा किलो जातात. अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या एका माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. म्हणजे सोंडे आणि उंदीर तिच्या घरातल्या दोन माणसांचं महिन्याचं रेशन खाऊन जातात. टक्केवारी तीच, पण एका घरात तो हिशेबातला तोटा असतो आणि दुसऱ्या घरात भाकरीचा.

आता पेवाकडे येतो, कारण माझ्यासाठी ही गोष्ट तिथून सुरू होते.

आमच्या भागात, बार्शी-कळंबच्या पट्ट्यात, ज्वारी पेवात ठेवायची रीत होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत बुसकट आणि कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष-दोन वर्षं ज्वारी टिकायची. कशी टिकायची? बंद जागेत धान्य आणि त्यातले किडे श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो आणि कर्बवायू साठतो. त्या हवेत किडा जगत नाही. आज हवाबंद साठवण म्हणून जे शिकवतात, त्यातलं हे मूळ तत्त्व आमच्या गावच्या पांढरीत किती पिढ्या चालत आलं होतं कोणास ठाऊक.

पण ज्या हवेत किडा जगत नाही, त्या हवेत माणूस जगतो का?

पेव उघडायची वेळ आली की माझ्या आजोबांना बोलावणं यायचं. दगड सरकवून पेव काही वेळ उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं, तेवत राहिला तर माणूस सोडायचा. हा झाला नियम. घरधन्याला घाई असली की नियम मोडायचा. आजी सांगायची, एकदा आजोबांना बेशुद्ध अवस्थेत ओढून काढलं होतं. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. नाही म्हणायची सोय नव्हती. गावकी होती, बलुतं होतं. मजुरी म्हणून मिळायची ती पेवाच्या कडेची ओल लागलेली, काळी पडलेली, वास मारणारी ज्वारी. मधली पांढरीशुभ्र ज्वारी वाड्यात जायची. आजीच्या भाकरीला तो वास असायचा, आणि तो वास म्हणजेच ज्वारीचा वास असं माझ्या बापाला लहानपणी वाटायचं.

पेवाचं कौतुक करणारे लेख मी अधूनमधून वाचतो. पूर्वजांचं विज्ञान, पर्यावरणपूरक साठवण वगैरे. विज्ञान होतंच, नाकारत नाही. पण त्या लेखांत पेवात उतरणारा माणूस नसतो. त्याच्या फुप्फुसाचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

म्हणूनच पत्र्याची कोठी मी पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा मला तिचं खालचं तोंड दिसलं. वरून धान्य ओतायचं, खालची झडप उघडून काढून घ्यायचं. आत कोणाला उतरायला लागत नाही. माझ्या आजोबांचं काम त्या वीतभर झडपेनं संपवलं. यंत्र आलं म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली ती याचसाठी. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायचं असेल आणि त्याला विचार करायला सवड मिळायची असेल, तर यंत्र हवं. यंत्राचे फायदे मूठभरांकडे जात असतील तर दोष समाजरचनेचा आहे, यंत्राचा नाही, अशी त्यांची भूमिका होती.

कोठी हवी, हे झालं. आता प्रश्न उरतो तो बनवणार कोण आणि कोणासाठी.

आपल्या देशात हे काम नवं नाही. १९६० च्या दशकापासून केंद्र सरकारनं धान्य बचाव मोहीम चालवली. उत्तर प्रदेशातल्या हापूडच्या संस्थेनं पत्र्याची हापूड कोठी तयार केली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं मातीच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून पुसा कोठी तयार केली. गावच्या कारागिरांना हे शिकवणं हाही मोहिमेचा एक भाग होता. कल्पना बरोबर होती. मोठ्या कारखान्यातून कोठी आणली तर वाहतुकीतच महाग होते आणि फुटली तर दुरुस्त करायला कोणी नसतं. जवळचा कारागीर असला की दोन्ही प्रश्न सुटतात.

मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये १९८३ पासून स्वित्झर्लंडच्या मदतीनं असाच कार्यक्रम झाला आणि पुढे ग्वाटेमाला, निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये पसरला. खेड्यापाड्यांतल्या माणसांना पत्राकाम शिकवलं, आणि त्यांनी मका आणि घेवड्यासाठी लाखो कोठ्या बनवून विकल्या. त्या देशांतही विषमता आहे, तिथल्या मूळ रहिवाशांवर अन्याय झालेला आहे. पण पत्रा कापायला अमक्याच्या पोटी जन्मावं लागतं, असा विचार तिथे कोणाच्या डोक्यात येत नाही.

आपल्याकडे मात्र 'कारागीर' हा शब्द उच्चारला की लगेच जात उभी राहते. लोहार म्हणजे लोखंड, बुरूड म्हणजे बांबू, मातंग म्हणजे दोर आणि केरसुणी, आणि पूर्वाश्रमीचे महार म्हणजे काहीच नाही, फक्त राबणं. कौशल्याची ही वाटणी आवडीनं झाली नाही, कुवतीनंही झाली नाही. जातव्यवस्था कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना एकमेकांच्या वर-खाली रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगून ठेवलं. आमच्या साहेबांनी टेबलावर जी दोन नावं दोन यादींत टाकली, ती याच वाटणीनं टाकली. त्यांचा काही दुष्ट हेतू होता असंही मी म्हणत नाही. त्यांना ते सरळच वाटलं, आणि जास्त भीती त्याचीच वाटते.

याला इतिहास आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अशी योजना आणली की मुलांनी दिवसाचा थोडा वेळ शाळेत जावं आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा. पेरियार आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी तिला कुलशिक्षण म्हटलं, राज्यभर आंदोलन केलं आणि १९५४ मध्ये योजना मोडीत निघाली. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्रानं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंदे, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजानं कर्ज. गरीब कारागिराला पैसे मिळतात यात वाईट काही नाही, ते त्यानं जरूर घ्यावेत. जात ही त्या योजनेत पात्रतेची अटही नाही. पण धंदे 'कुटुंबात चालत आलेले पारंपरिक' असायला हवेत, आणि जिचा गौरव केला आहे ती गुरु-शिष्य परंपरा. न्हाव्याचं, धोब्याचं, चांभाराचं, लोहाराचं काम यादीत आहे. पत्र्याच्या कोठ्या बनवणाऱ्याला मात्र त्यात वेगळं नाव नाही. तामिळनाडू सरकारनं कुटुंबाच्या धंद्याची अट काढा, असं केंद्राला २०२४ मध्ये कळवलं आणि योजना आहे तशी राबवायला नकार दिला. आपल्या महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात, याची साधी चर्चा झाली नाही.

"पण मग परंपरागत कारागिरांचं काय? त्यांचा धंदा दुसऱ्यांना वाटून टाकायचा का?" हा प्रश्न मला एका लोहार मित्रानंच विचारला. प्रश्न रास्त आहे. लोहारही गरीब आहे आणि त्याचाही भाता थंड पडला आहे. मी त्याला विचारलं, "तुझ्या पोरानं भाताच चालवावा असं तुला वाटतं का?" तो म्हणाला, "छे, त्याला मी डिप्लोमाला घातलाय." मग मी म्हणालो, "तुझ्या पोराला लोहारकीतून बाहेर पडायचा हक्क आहे आणि माझ्या पोराला पत्राकामात शिरायचा. हक्क एकच आहे." वाद तिथे संपला नाही, पण चहा झाला.

बाबासाहेबांनी हा हक्क फार आधी मागितला होता. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते गावकीच्या वेठीतून माणसं सुटावीत म्हणून. (ती वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं.) आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं जे निवेदन त्यांनी दिलं, त्यात तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असं त्यात होतं. छापखाना आणि रेल्वे कोणत्याच जातीचं बलुतं नव्हतं. जिथे बापाचा धंदा विचारला जात नाही, त्या ठिकाणी त्यांना आपली मुलं न्यायची होती.

आता आमचं पुढे काय झालं ते सांगतो. अर्ज केला, हेलपाटे घातले, शेवटी पोराला 'जागा शिल्लक राहिल्यास' म्हणून बसू दिलं. मावशींना नाहीच. तेव्हा आम्ही बाजारपेठेतल्या पत्रेवाल्या चाचांकडे गेलो. चाचा म्हणाले, "शिकवतो की. पत्रा तुमचा आणा, बोटं सांभाळा." त्यांनी कोणाचा बाप विचारला नाही. चार रविवार मावशी, तो पोरगा आणि वस्तीतल्या आणखी दोन बाया त्यांच्या दुकानामागे बसल्या. पत्रा कसा आखायचा, कातर कशी धरायची, कडा दुमडून सांधा कसा ठोकायचा, डाख कसा द्यायचा, हे शिकल्या. कोठी झाली की झाकण लावून उन्हात धरायची आणि खालच्या तोंडाला डोळा लावून आत बघायचं. टाचणीएवढी उजेडाची तिरीप दिसली तर तिथे पुन्हा डाख. मावशींचा हात सगळ्यांत आधी बसला. कामटीची धार ज्या बोटांना माहीत आहे, त्यांना पत्र्याची धार समजायला वेळ लागत नाही, असं चाचाच म्हणाले.

पहिल्या चार कोठ्यांतली एक फसली. सांधा पक्का होता, पण गहू ओलसर भरला होता. दोन महिन्यांत कुबट वास आला आणि खालचा थर बुरसला. कोठी कितीही चांगली असो, धान्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या वर असेल तर ती धान्य नासवते. दाताखाली दाणा कट्टकन फुटला पाहिजे. हे मावशी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. पत्रकात हे होतं, पण बारीक अक्षरात.

आणखी एक गोष्ट पत्रकात नव्हती. प्रशिक्षणात शिकवलेली सगळ्यांत लहान कोठी तीन क्विंटलची होती. भीमनगरात तीन क्विंटल धान्य एका वेळी कोणाकडे असतं? आमच्या बायांनी पंचवीस आणि पन्नास किलोचे डबे बनवले, रेशनच्या गव्हा-तांदळापुरते. तेच विकले गेले. कोठी कोणत्या मापाची शिकवायची हे ठरवतानाच ती कोणासाठी आहे हे ठरून जातं.

आणि गोळ्यांचं. कीड लागू नये म्हणून लोक कोठीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. त्यातून निघणारा वायू किड्याला मारतो तसा माणसालाही मारतो. या गोळ्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा असा नियम आहे, तरी त्या घरोघर पोचतात. वाड्यात कोठार वेगळं असतं. आमच्याकडे एकच खोली, तिथेच कोठी, तिथेच लेकरं झोपतात. पेवातली मरणाची हवा अशी आमच्याच घरात यायची असेल तर काय मिळवलं? चाचांच्या दुकानात आम्ही नियम केला की डबा देताना सांगायचं: गोळी नाही. ऊन द्या, नीट वाळवा, कडधान्याला राख चोळा, झाकण घट्ट लावा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षणाच्या अर्जावरून बापाच्या आणि आज्याच्या धंद्याचा रकाना काढा. भूमिहीन मजूर, एकट्या बाया आणि ज्यांचा धंदा पत्र्यानं आणि प्लॅस्टिकनं बुडवला ते बुरूड, त्यांना पहिली जागा द्या. पंचवीस किलोपासूनची मापं शिकवा. वाळवण आणि गोळ्यांचा धोका पहिल्याच दिवशी शिकवा. आणि शिकवून सोडून देऊ नका. अंगणवाड्यांना, शाळांच्या पोषण आहाराला धान्याच्या कोठ्या लागतातच. त्या या शिकलेल्या हातांकडून घ्या, अनुसूचित जाती उपयोजनेतून पैसा द्या. कामाची मागणी नसेल तर प्रशिक्षणातून प्रमाणपत्र आणि फोटो एवढंच उरतं.

तो पोरगा आज चाचांच्या दुकानात कामाला आहे. मावशी घरीच डबे बनवतात. महिन्याला किती जातात हे सुगीवर असतं, फार नाही जात. परवा त्यांच्याकडून एक पन्नास किलोचा डबा मी आईसाठी घेतला. आईनं त्यात ज्वारी भरली आणि आठवड्यानं खालचं तोंड उघडून मूठभर काढून नाकाशी नेली. बराच वेळ ती वास घेत राहिली. म्हणाली, "वासच नाही रे हिला."

जय भीम!